मशीन चालू हाय का?

माझ्याकडे अजून सात लग्नपत्रिका जपून ठेवलेल्या आहेत. त्यातली एकही आमच्या घरच्या लग्नाची नाही. पुढच्या बाजूला कुणाकुणाचे चिरंजीव, कुणाच्या सौभाग्यकांक्षिणी, गणपती आणि मुहूर्त. मागच्या कोऱ्या बाजूला माझ्या वाकड्या अक्षरात, 'सदतीस टक्क्यांवर थांबलं', 'बासष्टपर्यंत गेलं, मग निळा पडदा', 'एकोणीस, लाइट होती'. छापताना डाग पडून बाजूला काढलेल्या पत्रिका त्या. टिपण करायला मी कधी नवा कागद घेतला नाही, आणि त्या आठ दिवसांत तर मला लिहून ठेवण्याशिवाय दुसरं बोलायला कुणी नव्हतं.

तेलगावला चौकापासून थोडं आत माझं पत्रिकांचं दुकान होतं. पुढे शटर, मागे दोन खोल्यांचं घर, मध्ये एक पडदा. लग्न, बारसं, वास्तुशांती, दहावा, सगळ्याच्या पत्रिका आम्ही करायचो. आम्ही म्हणजे मी आणि बायको. लग्नाआधी तिनं माजलगावला मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती. कळफलकाकडे न बघता ती टाइप करायची, आणि तेही गिऱ्हाइकाशी बोलत बोलत. थोरल्या चुलत्याचं नाव वर घ्या, नाहीतर मांडवात रुसवा होईल, असं ती सांगायची आणि लोक ऐकायचे. मी मजकूर आणायचो, कागद कापायचो, छापायचो, घड्या घालायचो, आणि पाटीवर नाव माझं होतं. खरं दुकान तीच होती. हे मी आज लिहितो आहे. तेव्हा कुणी तोंडावर म्हटलं असतं तर भांडलो असतो.

कॉम्प्युटरला आम्ही मशीनच म्हणायचो. ते पंधरा वर्षांचं झालं होतं. त्याच्या पंख्याची घरघर एवढी, की फोनवरच्या माणसाला वाटावं मी पिठाच्या गिरणीत उभा आहे. उन्हाळ्यात ते तापायचं म्हणून मी डब्याचा एका बाजूचा पत्रा काढून टाकला होता आणि आत टेबलफॅनचा वारा सोडायचो. तो पत्रा परत लावायचं राहिलं ते राहिलंच. नवं मशीन घ्यावं, तर आमच्या पत्रिका ज्या जुन्या अक्षरांत व्हायच्या ती अक्षरं नव्यावर धड उमटत नव्हती; उकार एकीकडे आणि वेलांटी दुसरीकडे जायची. मशीन घेतलं त्या दिवशी बसवणाऱ्यानं विचारलं होतं, याच्यावर कुणाचं नाव घालू. मी म्हणालो, बसणार ही आहे, हिचंच घाला. तेव्हापासून रोज सकाळी सुरू केलं की ते पडद्यावर तिचं नाव दाखवायचं.

मग पुण्याला सुनेचं बाळंतपण आलं आणि बायको दोन महिन्यांसाठी गेली. दोनाचे चार महिने झाले, सून परत नोकरीवर जायला लागली, नातीला सांभाळायला घरातलं माणूस हवं होतं, आणि बघता बघता दोन वर्षं झाली. मी दोन बोटांनी टाइप करायला शिकलो. धंदाही उतरला होता. लोक पत्रिका मोबाइलवर पाठवायचे. छापून घ्यायचे त्या पन्नास, म्हणजे कुलदैवताला, गावच्या मारुतीला, आणि हातात पत्रिका दिली नाही तर लग्नाला न येणाऱ्या मामांना. देवाकडे मोबाइल नाही म्हणून माझं दुकान चालू आहे, असं मी हसत सांगायचो. सांगायचो ते गिऱ्हाइकालाच, आणि गिऱ्हाईक आठवड्यातून दोनदा यायचं.

खरं सांगायचं तर मला फार एकटं वाटायचं. दोन भाकरी केल्या तर एक उरायची, एक करायची तर चूल पेटवायचा कंटाळा. शेजारचे म्हणायचे, पुण्याला का जात नाही. मुलाच्या फ्लॅटवर मी दोनदा राहून आलो होतो. सगळे चांगले वागतात, आणि मला काही काम नसतं. सोफ्यावर बसलो तर पाहुणा, उठून हिंडलो तर पायात पायात. गावात मी निदान पत्रिकावाला होतो. तिथल्या लिफ्टमध्ये मी चौथ्या मजल्यावरच्या साहेबांचा बाप. मला तिथं कुणाच्या उपयोगाचं नसण्याची भीती वाटायची. हे मी बायकोला कधी सांगितलं नाही. तिला सांगायचो, दुकान कोण बघणार.

संक्रांतीला तिचा फोन आला आणि आमची जुंपली. विकतचा तिळगूळ पुढ्यात ठेवून मी एकटा बसलो होतो, त्याचा राग आधीच डोक्यात होता. तिनं विचारलं, "कावून हट्ट करायलात? त्या मशीनसाठी बसलात का तिकडं?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी म्हणालो, "ज्या दिवशी हे मशीन बंद पडंल, त्या दिवशी शटर वढतो आन पुण्याला येतो. तवर पुण्याचं नाव काढू नको."

ती म्हणाली, "बगा, शब्द हाय तुमचा."

माणूस शब्दाचा पक्का असेल तर त्यानं बोलताना जपावं. मी पक्का आहे आणि जपत नाही. त्या दिवसापासून तिचा रोजचा फोन बदलला. संध्याकाळी सातला, तिकडे देवापाशी दिवा लावून झाला की ती फोन करायची. आधी 'जेवायला काय केलं' असं विचारायची, आता पहिला प्रश्न असायचा, "मशीन चालू हाय का?" मी म्हणायचो, चालू आहे. मागे घरघर असायचीच. मग ती म्हणायची, "ते आधी बंद करा, काई ऐकू येईना," आणि मी मशीन बंद केल्यावर आमचं बोलणं सुरू व्हायचं.

फेब्रुवारी संपता संपता एका सकाळी मी मशीन सुरू केलं तर तिचं नाव आलंच नाही. निळा पडदा आला, त्यावर इंग्रजीत चार ओळी, आणि मशीन आपोआप बंद होऊन परत सुरू झालं. परत निळा पडदा. असं दहा वेळा झालं. माजलगावच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, विंडो गेली, नवी विंडो मारावी लागेल, पण एवढ्या जुन्या मशीनवर कुणी मारत बसत नाही, भंगारात घाला. विंडो मारणं म्हणजे मशीन मुळात ज्याच्या जोरावर चालतं ती ऑपरेटिंग सिस्टीम पुसून नव्यानं घालणं. भंगार हा शब्द ऐकला आणि मी फोन ठेवून दिला. पत्रिकांचे मजकूर डिस्कच्या दुसऱ्या कप्प्यात होते, त्यांना धक्का लागणार नव्हता. विंडोची सीडी माझ्याकडे होती, आणि मशीन बसवणाऱ्याला हे काम करताना मी दोनदा शेजारी बसून पाहिलं होतं. चुलीपाशी बसलं म्हणून स्वयंपाक येत नाही, एवढं मला कळत होतं. पण दुसरा कुणी हात लावणार नव्हता.

त्या संध्याकाळी सातला फोन वाजला तेव्हा मी दुकानातून उठलो, पडदा सारला आणि मागच्या खोलीत जाऊन बोललो. तिनं विचारलं, मशीन चालू आहे का. मी म्हणालो, चालू आहे. मशीनच्या समोर बसून हे खोटं बोलवेना, म्हणून आत गेलो होतो. वास्तविक शब्द दिला होता, मशीन बंद पडलं होतं, पिशवी भरायची आणि निघायचं. पण हे बंद पडणं नव्हे, आजारपण आहे, असं मी स्वतःला सांगितलं. विंडो बसली की मी खोटं बोललो असं होणारच नव्हतं.

पहिल्या दिवशी सीडी घातली आणि पडद्यावरचे टक्के मोजत बसलो. दूध तापायला ठेवल्यावर जसं जागचं हलता येत नाही, तसा दोन तास हललो नाही. सदतीसवर थांबलं आणि म्हणालं, अमुक फाइल सापडत नाही. मी सीडी चष्म्याच्या फडक्यानं पुसली आणि परत घातली. बासष्टपर्यंत गेलं, मग निळा पडदा. नाचता येईना अंगण वाकडं. मी सगळा दोष सीडीला दिला आणि दुसऱ्या दिवशी चौकातल्या कॉम्प्युटर क्लासमधून दुसरी सीडी मागून आणली. ती तर एकोणीसच्या पुढे गेली नाही.

तिसऱ्या दिवशी क्लासवाल्यांनी एका पेनड्राइव्हवर विंडो भरून दिली. आमचं मशीन पेनड्राइव्ह ओळखायलाच तयार नव्हतं. सुरू होताना डिलीटचं बटण टकटक दाबत राहिलं की आतल्या सेटिंगची यादी उघडते, तिथं त्याला सांगावं लागतं की आधी पेनड्राइव्ह बघ, मग डिस्क. ती यादी उघडली तर वर तारीख दिसली, ती पंधरा वर्षांपूर्वीची. आतला तारीख सांभाळणारा सेल संपला होता. मशीनच्या हिशोबानं आमचा मुलगा अजून शाळेत होता, आणि त्याची आई पडद्यापलीकडे भाकरी थापत होती. मी ती तारीख बराच वेळ बघत बसलो. मग घड्याळवाल्याकडून तेवढाच गोल सेल आणला, बसवला आणि आजची तारीख घातली. घालताना जिवावर आलं, हेही लिहून ठेवतो.

पेनड्राइव्हवरून एकाहत्तरपर्यंत गेलं. मी उठून चहा ठेवला, एवढी खात्री झाली होती. चहा घेऊन आलो तर निळा पडदा. मग वाटलं, विजेचा दाब कमी-जास्त होतो आहे. फ्रिज बंद केला, इन्व्हर्टर लावला, परत सुरुवात केली. चव्वेचाळीस. मग नुसतं आठ. मग सुरूच झालं नाही. प्रत्येक वेळचा आकडा मी एकेका पत्रिकेच्या पाठीवर लिहीत गेलो. नशीब म्हणायचं की काय, त्या आठवड्यात एकही गिऱ्हाईक फिरकलं नाही. मी मशीनशीच बोलायचो. चल बाई, म्हणायचो; मध्येच शिव्या द्यायचो, मग वाईट वाटायचं.

पाचव्या संध्याकाळी फोनवर ती म्हणाली, "लई शांत शांत वाटतंय तुमच्याकडं."

चोराच्या मनात चांदणं. मी घाईनं म्हणालो, कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्या आज कमी आहेत. तेवढ्यात रस्त्यावरून दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून गेला. नातीला दाढा येतायत, म्हणून ताप आहे, एवढं सांगून तिनं फोन ठेवला.

एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या दिवसांत मी सकाळी लवकर उठायचो. आंघोळ करून, टॉवेल झटकून, दुकानात जायची घाई असायची. दोन वर्षांत तसं झालं नव्हतं. मशीन बिघडलेलं का होईना, माझी वाट बघत होतं, आणि मला त्याच्यासाठी काहीतरी करायचं होतं. सुरू झालं तर मी इथंच राहणार होतो, एकटा. नाही झालं तर पुण्याला जाणार होतो, बिनकामाचा. यातलं कुठलं हवं आहे ते मला ठरवता येत नव्हतं, म्हणून परत परत पहिल्या टक्क्यापासून सुरू करत होतो.

सातव्या दिवशी ठरवलं, डिस्क गेली आहे, नवी घालू. सातही पत्रिका पिशवीत टाकल्या आणि एसटीनं वडवणीमार्गे बीडला गेलो. तिथं जुन्या मशीनची कामं करणारा एकजण आहे असं क्लासवाल्यांनी सांगितलं होतं. माझ्याच वयाचा माणूस, डोळ्याला भिंग लावून काहीतरी डाग देत होता, मान वर न करता 'बसा' म्हणाला. मी डिस्क मागितली. कशाला, म्हणून त्यानं विचारलं, तेव्हा मी पत्रिका त्याच्यापुढे टाकल्या. त्यानं आधी पुढची बाजू वाचली आणि लग्न कुणाचं, असं विचारलं. मग मी उलट्या करून दिल्या. त्यानं त्या पत्ते मांडावे तशा एका रांगेत मांडल्या.

"डिस्क घेऊ नका," तो म्हणाला. "दुखणं एकाच जागी ऱ्हायलं असतं तर डिस्क. हे तर हिंडायलंय. सदतीस, बासष्ट, एकोणीस. हिंडतं दुखणं म्हंजे रॅम."

रॅम म्हणजे आतली वीतभर पट्टी, काम चालू असताना मशीन हातातलं सगळं तिच्यावर ठेवतं. ती जिथं बसते त्या खाचेत घाण गेली असेल, तर ठेवलेलं कधी सापडतं, कधी सापडत नाही, असं त्यानं समजावलं. पट्टी काढायची, सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवायचा, खाच ब्रशनं साफ करायची आणि कट्ट आवाज येईपर्यंत परत दाबून बसवायची. नवं काही विकायला तो तयार होईना. मी पायऱ्या उतरताना त्यानं विचारलं, "बॅटरी धरायला कुनी हाय ना घरी? एका हातानं जमायचं न्हाई."

मी म्हणालो, "न्हाई कुनी."

"मग मोबाइल उभा करून ठेवा," तो म्हणाला आणि परत खाली मान घातली. मी शेजारच्या दुकानातून एक खोडरबर घेतला आणि परतीची एसटी धरली.

आठव्या दिवशी दुपारी शाईच्या बाटलीला टेकवून मोबाइल उभा केला आणि त्याची बॅटरी लावली. डबा आडवा करून आधी वरची धूळ काढली. धुळीखाली लाल-पिवळं काहीतरी दिसायला लागलं. पट्टीच्या दोन्ही टोकांचे चिमटे उघडून ती बाहेर ओढली. सोनेरी दातांवर हिरवट बुरशी चढली होती आणि तिच्यावर लाल पापुद्रा. खाचेत कुंकू भरून वाळून घट्ट झालं होतं. खाचेच्या टोकाला तांदळाचा एक दाणा अडकला होता, पिवळा. डब्याच्या तळाशी आणखी दहा-बारा दाणे.

दसऱ्याला आमच्या घरी मशीनची पूजा व्हायची. शेतकरी नांगराची करतो, आमचं औत हेच. हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, आपट्याचं पान. दरवर्षी बायको करायची. ते दाणे पाहिले आणि मला एवढा आनंद झाला की काय सांगू. गुन्हेगार सापडला होता. संध्याकाळी तिला सुनवायचं वाक्य तयार झालं: तुझ्याच पूजेनं मशीन खाल्लं. आठ दिवसांनी तिला सांगण्यासारखं काहीतरी खरं माझ्याकडे आलं होतं. सातपर्यंत कोण थांबतं, आत्ताच फोन लावावा, म्हणून मी मोबाइल उचलला.

उचलला आणि तसाच हातात धरून बसलो, कारण तिची पूजा मला डोळ्यांपुढे दिसायला लागली. ती आधी मशीनवर टॉवेल पसरायची, उघड्या बाजूवरून खालपर्यंत. वर ओल्या बोटानं छोटं स्वस्तिक काढायची. अक्षता मोजून पाच ठेवायची, टाकायची नाही. आरती झाली की टॉवेल चारी कोपऱ्यांनी उचलून अंगणात झटकून यायची, आणि मगच मला बसू द्यायची. चौदा दसऱ्यांत तिच्या हातून एक दाणा आत पडला नव्हता.

ती गेल्यावरच्या पहिल्या दसऱ्याला मी पूजाच केली नव्हती. गेल्या दसऱ्याला मात्र केली. तिनं व्हिडिओ कॉल लावला होता आणि तिकडून सांगत होती, आधी टॉवेल टाका. मी म्हणालो, मला कळतं. तेवढ्यात पडद्यावर नात आली, नवं परकर-पोलकं घातलेली, मागे मुलगा, सून, ताटात श्रीखंड, सगळे कशाला तरी हसत होते. मला काय ते नीट ऐकू आलं नाही. मग चित्र थिजलं आणि फोन कटला. मी ताट हातात धरून उभा राहिलो. परत लागेल म्हणून बराच वेळ उभा राहिलो. लागला नाही. मग मला असा राग आला, की फुलानं पाणी शिंपडायचं ते हातानं उडवलं, कुंकवाची चिमूट भिरकावली, आणि अक्षता तर मूठभर, लग्नात शेवटच्या 'सावधान'ला लांब उभे राहिलेले लोक फेकतात तशा, मशीनच्या अंगावर फेकल्या. टॉवेल टाकला नव्हता. पत्रा लावलेला नव्हता. शटर ओढून मी चौकात जाऊन बसलो होतो.

ते ओलं कुंकू त्या दिवसापासून खाचेत कुजत होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. मशीनला मी मारलं होतं, आणि तेही नेटवर्कवरच्या रागानं नव्हे. तिकडं घर भरलेलं होतं आणि मी त्याच्या बाहेर होतो, तो राग होता. मी रडलो. दुकानात कुणी नव्हतं, त्यामुळे आवरायचं काही कारणही नव्हतं.

मग डोळे पुसून कामाला लागलो. खोडरबरानं एकेक दात घासला. जुन्या टूथब्रशनं खाच कोरून काढली, तोंडानं फुंकलं, परत कोरली. दाणे वेचून देव्हाऱ्यातल्या वाटीत ठेवले. पट्टी बसवली, कट्ट आवाज आला. मोबाइल परत बाटलीला टेकवला आणि मशीन सुरू केलं.

आठ गेलं. एकोणीस गेलं, सदतीस, चव्वेचाळीस. बासष्टला मी श्वास धरला. एकाहत्तरला उठून उभा राहिलो. जिथं जिथं ते थांबलं होतं ते आकडे मागे पडले आणि शंभर झालं. बंद होऊन परत सुरू झालं, निळा पडदा आला नाही. एक पांढरी चौकट आली, आणि तिनं विचारलं की हे मशीन कोण वापरणार, नाव टाका. चौकट रिकामी होती. पंखा जोरात घरघरत होता. मी दोन बोटं कळांवर ठेवून बसलो. आता शब्द मोडल्याशिवाय मला इथं राहता येणार होतं. मशीन चालू होतं, शटर उघडं होतं, मी पत्रिकावाला होतो, आणि मला त्याचा जराही आनंद होईना. आठ दिवस जे मागत होतो ते मिळालं होतं, आणि ते सांगायला समोर कुणी नव्हतं.

तेवढ्यात सात वाजले आणि मोबाइल वाजला. तो मशीनच्या शेजारीच होता. या वेळी मी उठून आत गेलो नाही.

"मशीन चालू हाय का?" तिनं विचारलं.

"बंद पडलं," मी म्हणालो.

"काय म्हणालात? ते आधी बंद करा, काई ऐकू..." एवढं म्हणून ती मध्येच थांबली. आठ दिवसांत तिनं हे वाक्य एकदाही म्हटलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिच्या आधीच आलं असणार.

"मशीन बंद पडलं म्हणालो," मी मोठ्यानं म्हणालो, कारण पंख्याचा आवाज फारच होता. "शब्द दिलता मी."

तिनं एवढंच विचारलं,

"कवा पडलं?"

"आठ दिस झाले."

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. मागे चाललेल्या घरघरीबद्दल तिनं काही विचारलं नाही. "बरं. आता ते बंद पडलेलं मशीन नीट बंद करा, त्याला पत्रा लावा, आन सकाळच्या गाडीनं या."

फोन ठेवल्यावर मी दोन बोटांनी चौकटीत तिचं नाव टाइप केलं. पडद्यावर ते आलं, मी एकदा वाचलं, आणि मशीन बंद केलं. मग पत्रा शोधायला मागच्या खोलीत गेलो.